मोठ्या हार्डडिस्कची इमेज लहान एसएसडीवर उतरत नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लग्नपत्रिका आणि कार्डं छापण्याचा व्यवसाय आहे. डीटीपीचा, म्हणजे पत्रिकांची मांडणी करण्याचा, एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात १ टीबीची हार्डडिस्क आणि विंडोज १०. मशीन चालू व्हायला फार वेळ लागतो आणि मधूनच अडकतं, म्हणून तुम्ही ५०० जीबीची साटा केबलवर चालणारी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, आणली. विंडोजमधल्याच सोयीने एक्स्टर्नल डिस्कवर 'सिस्टिम इमेज', म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी प्रत, घेतली आणि डी ड्राइव्हमधली कामं वेगळी कॉपी करून ठेवली. मग जुनी डिस्क काढून एसएसडी लावली आणि इमेज परत टाकायला गेलात, तर योग्य डिस्क सापडत नाही असा संदेश आला. सगळा डेटा मिळून २९० जीबी आहे, मग तो ५०० मध्ये मावत कसा नाही? बॅकअप खराब झालाय का? की सरळ सगळं नव्याने टाकावं?

बॅकअप बहुधा शाबूत आहे. विंडोजची ही सोय इमेज परत टाकताना डेटा किती आहे ते बघतच नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघते. मायक्रोसॉफ्टच्या बॅकअपविषयीच्या माहितीत याचं उदाहरणच दिलेलं आहे: १ टीबीच्या डिस्कवर फक्त १०० जीबीचं एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असलं आणि तेवढ्याचाच बॅकअप घेतला असला, तरी परत टाकायला किमान १ टीबीची डिस्क लागते. तुमची जुनी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि नवी ४६५ च्या आसपास. या मार्गाने ती इमेज त्या एसएसडीवर उतरणार नाही, कितीही वेळा प्रयत्न केला तरी. पण तुमचं सामान सुरक्षित असण्याशी या अडथळ्याचा काही संबंध नाही.

ती इमेज खरंच नीट आहे का, हे तुम्ही स्वतः बघू शकता आणि ते आजच बघा. दुसऱ्या कुठल्याही विंडोज मशीनला एक्स्टर्नल डिस्क लावा. त्यात 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचं फोल्डर असेल. त्याचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या आतही टाकू नका, नाहीतर विंडोजला ते सापडत नाही. त्याच्या आत तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर, त्यात तारखेचं फोल्डर, आणि त्यात 'व्हीएचडीएक्स' या शेपटीच्या मोठमोठ्या फाइल्स दिसतील. आत शिरताना परवानगी मागितली तर द्या. आता विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, 'ॲक्शन' मेनूतून 'अटॅच व्हीएचडी' घ्या, सगळ्यात मोठी फाइल निवडा आणि 'रीड-ओन्ली'वर टिक करून ओके म्हणा. तुमचा जुना सी ड्राइव्ह एका वेगळ्या अक्षराने समोर उभा राहील. त्यातल्या चार-पाच फाइल्स उघडून बघा, नुसती नावं बघून थांबू नका. त्या उघडल्या म्हणजे इमेजमध्ये काहीतरी आहे याची खात्री झाली. आख्खं मशीन त्यातून चालू होईल की नाही, हे मात्र प्रत्यक्ष परत टाकल्यावरच कळतं.

आता नव्याने टाकावं की आहे तसं हलवावं, याबद्दल. साध्या ऑफिसच्या मशीनला मी नेहमी नव्याने टाकायला सांगतो. विंडोज, ब्राउझर, टॅली, प्रिंटर, एवढ्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं आणि वर्षानुवर्षांचा कचरा जातो. डीटीपीच्या जुन्या मशीनला मी तसं सांगत नाही. पेजमेकर ७ हे पानं मांडायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर. त्याची सीडी सापडेलच असं नाही, आणि सापडली तरी मशीनला सीडी ड्राइव्ह असेलच असं नाही. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली तुमच्या हाताची मांडणी, रंगांच्या पट्ट्या, हे सगळं परत जमवण्यात आठवडा जातो आणि तरी काहीतरी राहतंच.

सगळ्यात मोठा प्रश्न फॉन्टचा. आपल्याकडे पत्रिकांची जुनी कामं युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत) नसतात, श्री-लिपीसारख्या संचांतल्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो एक फॉन्ट मशीनवर नसला, की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते सांगून उपयोग होत नाही. आणि फॉन्ट हाताने कॉपी करणारे बहुतेक जण फक्त विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले घेतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट एकाच युझरपुरताही बसवता येतो, आणि तो त्या युझरच्या 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' अशा आतल्या फोल्डरमध्ये जातो. हे फोल्डर एरवी दिसतही नाही. तिथले फॉन्ट मागे राहतात. तुमच्या डी ड्राइव्हच्या कॉपीत हे दोन्ही फोल्डर नाहीत, तेव्हा काहीही करण्याआधी ते वेगळे कॉपी करा.

म्हणून माझं मत: आख्खं मशीन एसएसडीवर हलवा. फक्त विंडोजच्या त्या सोयीने नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. जुनी डिस्क नुसती संथ आहे की मरायला टेकली आहे? मशीन अडकतं म्हणालात, त्यामुळे मला शंका आहे. जुनी डिस्क परत लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निर्णयाची वाट बघत असलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. शेवटच्या रकान्यातला आकडा तिन्हींत शून्य असेल तर निश्चिंत कामाला लागा. एक लक्षात ठेवा, तो आकडा सुरुवातीला सोळाच्या पायावर दाखवला जातो, म्हणजे तिथे १० दिसले तर ते सोळा असतात. सेटिंगमधून तो दशमानात करून घेता येतो.

सी५ शून्य नसेल तर त्या डिस्कवर विंडोजच्या 'चेकडिस्क' या तपासणीचा खराब सेक्टर शोधणारा प्रकार चालवू नका आणि डीफ्रॅगही (विखुरलेल्या फाइल्स जुळवणं) करू नका. दोन्हींत डिस्कवर भरपूर वाचन-लेखन होतं, आणि अशक्त डिस्क त्यातच शेवटचा दम टाकते. अशा वेळी आधी अमूल्य फाइल्स: या सीझनची चालू कामं, फॉन्ट, गिऱ्हाइकांची यादी, हिशेब. त्यानंतर आख्ख्या डिस्कची प्रत. त्यासाठी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' वापरतात. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. मधेच वीज गेली तरी त्या नोंदीमुळे काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. त्याला तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते. आणि डिस्कमधून टक-टक असा ठोक्यासारखा आवाज येत असेल तर काहीही चालवू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे न्या.

डिस्क ठीक आहे असं धरून पुढे जातो. इथे दोन वाटा आहेत. एक थेट क्लोन: जुनी आणि नवी दोन्ही डिस्क एकाच वेळी लावून एकीची प्रत दुसरीवर. दुसरी म्हणजे इमेज: आधी एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप, मग जुनी डिस्क काढून ठेवायची आणि त्या बॅकअपमधून नवी भरायची. पहिली वाट लवकर उरकते. मी तरीही गिऱ्हाइकाच्या कामाच्या मशीनला दुसरीच वापरतो, आणि त्याचं कारण डिस्कवर लिहिण्याच्या त्या एका क्षणात आहे. क्लोन करताना पडद्यावर दोन डिस्कची नावं असतात आणि कुठून कुठे हे माणूस ठरवतो. उलटी निवड झाली की रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते, आणि ते परत आणता येत नाही. इमेजच्या वाटेने, लिहिण्याच्या वेळी जुनी डिस्क मशीनमध्ये नसतेच, टेबलावर असते. काहीही चुकलं तरी तिला धक्का लागत नाही. ती परत लावली की काल होतं तसं मशीन चालू. शिवाय काही बिनसलं तर पुन्हा एक्स्टर्नलवरूनच टाकायचं, थकलेल्या डिस्कला पुन्हा वाचायला लावायचं नाही.

सॉफ्टवेअर कोणतं, तर लहान डिस्कवर पार्टिशन आक्रसून उतरवणारं. अनेक एसएसडी कंपन्या आपली डिस्क लावलेली असेल तर चालणारं सॉफ्टवेअर मोफत देतात. तुमच्या डिस्कच्या कंपनीचं आहे का आणि त्यात इमेजही घेता येते की फक्त क्लोन, ते आधी बघा. मॅक्रियम रिफ्लेक्ट यासाठी उत्तम, पण त्याच्या मोफत आवृत्तीचा आधार जानेवारी २०२४ मध्ये संपला, आता पैसे पडतात. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचं आहे, पण लहान डिस्कवर उतरायला ते आपणहून तयार होत नाही. आधी जुन्या डिस्कवरची पार्टिशनं आक्रसावी लागतात आणि मग तज्ज्ञांसाठीच्या पर्यायांत जावं लागतं. कामाच्या एकुलत्या एका मशीनवर पहिल्यांदाच करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

इमेज घेताना बहुतेकांची गफलत होते ती इथे: फक्त सी ड्राइव्ह निवडला जातो. डिस्कवर ड्राइव्हचं अक्षर नसलेली छोटी पार्टिशनंही असतात. मशीन जुन्या लेगसी पद्धतीने चालू होत असेल तर 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचं, आणि नव्या यूईएफआय पद्धतीचं असेल तर बहुधा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन. मशीन चालू करणाऱ्या फाइल्स त्यांत असतात, सी मध्ये नाही. ती राहिली की एसएसडीवर तुमचा सगळा डेटा असतो आणि मशीन मात्र काळ्या पडद्यावर थांबतं. तेव्हा त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं निवडा, डी सकट. आणि एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएस या फॉरमॅटमध्ये असू द्या. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

तुमचं मशीन कोणत्या पद्धतीचं आहे ते 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीत दिसतं. लेगसी असेल तर लेगसीच राहू द्या. लेगसीबरोबर येणाऱ्या एमबीआर या जुन्या पार्टिशन-मांडणीची अडचण २ टीबीच्या पुढे येते, ५०० जीबीला ती पुरते. तसंच बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर एसएसडी लावली म्हणून त्याच झटक्यात एएचसीआय करू नका. विंडोज निळा पडदा दाखवून बूट डिस्क सापडत नाही म्हणेल आणि तुम्ही इमेजला दोष द्याल. आधी डिस्क बदला, दोन दिवस मशीन वापरा. मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवा, रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये मोड बदला आणि सेफ मोडमध्ये एकदा उठवून नेहमीच्या मोडवर आणा. एका वेळी एकच बदल केला की काय बिघडलं ते कळतं.

सॉफ्टवेअर नवी इमेज घेऊन झाल्यावर ती तपासायची सोय देतं, ती वापरा. मग त्याच सॉफ्टवेअरमधून रेस्क्यू पेनड्राइव्ह (डिस्कशिवाय मशीन चालू करणारा) बनवा आणि जुनी डिस्क मशीनमध्ये असतानाच त्यावरून मशीन चालू करून बघा. तिथून एक्स्टर्नल डिस्क आणि तिच्यातली इमेज दिसते का, एवढंच बघून बाहेर पडा. ही दहा मिनिटं वाचवून नंतर उघड्या मशीनसमोर अडकलेले लोक माझ्याकडे येतात. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि ते तात्पुरतं थांबवा. शेवटी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं, फास्ट स्टार्टअपच्या अर्धवट झोपेत जात नाही.

वेळेचा अंदाज: एक्स्टर्नल डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला असेल तर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे २९० जीबीला पावणेतीन तास. निळ्या यूएसबी ३ पोर्टला १०० एमबीचा वेग मिळाला तर पाऊण-एक तास. लोडशेडिंगचा दिवस टाळा आणि यूपीएसची बॅटरी किती टिकते ते आधी बघून ठेवा. लग्नसराईच्या मधोमध तर हे काम काढूच नका.

आता बदल. मशीन बंद, केबल काढा, जुनी डिस्क ज्या साटा केबलवर होती त्याच केबलवर एसएसडी लावा. जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती बाजूला ठेवा. रेस्क्यू पेनड्राइव्हवरून उठवा, इमेज निवडा, छोटी पार्टिशनं आहेत त्याच आकारात आणि त्याच क्रमाने ठेवा. सी ला १५० जीबीच्या आसपास द्या, बाकीची जागा डी ला. डी चं अक्षर डी च राहिलं पाहिजे. पेजमेकर आणि कोरलमध्ये जे फोटो आणि बॉर्डर 'लिंक' करून वापरलेत त्यांचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट साठवलेला असतो. डी चा ई झाला की जुनी प्रत्येक फाइल चित्रं कुठे गेली म्हणून विचारत बसते.

पहिल्यांदा चालू करताना मशीनमध्ये एकटी एसएसडी असावी. जुनी नको, एक्स्टर्नलही नको. चालू झालं नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये बूटचा क्रम बघा, आणि तरी नाही झालं तर रेस्क्यू पेनड्राइव्हमध्ये बूट दुरुस्तीचा पर्याय असतो तो चालवा. चालू झालं की एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. मग कामाची परीक्षा घ्या: एक जुनी पत्रिका पेजमेकरमध्ये उघडा, एक कोरलमध्ये, फॉन्ट नीट दिसतात का बघा आणि एक प्रिंट काढा.

लायसन्सचं म्हणाल तर विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, नुसती डिस्क बदलल्याने ते सहसा जात नाही. यूएसबी डोंगलवर (लायसन्सच्या छोट्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर डोंगल लावलं की चालतं. जी सॉफ्टवेअर डिस्कच्या कारखान्यातल्या सीरियल नंबरवर बांधलेली असतात, ती मात्र पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतील, कारण इमेजबरोबर पार्टिशनचा नंबर येतो, डिस्कचा येत नाही. टॅली असेल तर डिस्क काढण्याआधी लायसन्स सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा.

इथवरचा क्रम एका दमात सांगतो: फॉन्ट वेगळे कॉपी, डिस्कची तब्येत, सगळ्या पार्टिशनांची नवी इमेज आणि तिची तपासणी, रेस्क्यू पेनड्राइव्हची चाचणी, जुनी डिस्क बाहेर, एसएसडी भरणं, एकट्या एसएसडीवर पहिली सुरुवात.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करून 'जास्तीची जागा' म्हणून लावायचा मोह होईल. निदान एक पूर्ण सीझन तिला हात लावू नका. कधी लावलीच तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'ऑफलाइन' दिसू शकते, कारण दोन्ही डिस्कची ओळख आता एकच आहे. तिला तिथून ऑनलाइन करू नका. तसं केलं तर विंडोज तिची ओळख बदलतं, आणि लेगसी मशीनवर ती डिस्क मग आपली आपण चालू होईलच असं नाही. त्यातलं काही हवंच असेल तर एक्स्टर्नलवरच्या इमेजमधून काढा.

विंडोज १० बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव अपडेटसाठी घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करावी लागते आणि ती मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. एसएसडीने मशीन वेगवान होईल, ही अडचण तशीच राहील. त्या मशीनवर फक्त डीटीपी ठेवा. बँक, जीएसटी आणि ईमेल दुसऱ्या मशीनवर न्या. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हही आधी तिकडे तपासून मगच इकडे लावा.

सुरुवात करण्याआधी मला दोन गोष्टी कळवा: ०५, सी५ आणि सी६ समोरचे आकडे, आणि बायोस मोडच्या ओळीत काय लिहिलंय ते. सी५ शून्य नसेल तर वरचा क्रम बदलतो आणि एक जास्तीची १ टीबी डिस्क आधी आणावी लागेल.